यमुना पान खात नव्हती

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मला माझ्या लेकीच्या आजाराचं नाव सांगितलं तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. "इडिओपॅथिक पल्मनरी हिमोसिडरोसिस," त्या म्हणाल्या. मी सातवी पास आहे. आमच्या शिरपुरात तेव्हा एवढ्या शिकलेल्या सुना बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा ताठा होता. त्या तीन शब्दांपुढे तो कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, "बाई, मराठीत सांगा."

त्यांनी सांगितलं. पल्मनरी म्हणजे फुप्फुसाचं. हिमोसिडरोसिस म्हणजे फुप्फुसात थोडं थोडं रक्त पाझरतं आणि त्या रक्तातलं लोह तिथेच साचून राहतं. पहिल्या शब्दाचा अर्थ मी पुन्हा विचारला. इडिओपॅथिक म्हणजे हे कशाने होतं ते कोणालाच ठाऊक नाही. एवढा लांबलचक शब्द, आणि अर्थ काय तर ठाऊक नाही! मला त्याही स्थितीत राग आला.

"पण टी.बी. नाही ना?" मी विचारलं.

"नाही. टी.बी. नाही."

सात महिने आमच्या घरावर त्या दोन अक्षरांचं सावट होतं. मी हात जोडले. बाई मात्र हसल्या नाहीत. "यमुनाच्या आई, टी.बी.वर आता औषध निघालंय," एवढंच त्या म्हणाल्या. याच्यावर तसं नाही, हे मी समजले.

मग त्या खाटेवर बसलेल्या यमुनाकडे वळल्या. ती आठ वर्षांची होती. "बेटा, तुझ्या थुंकीत आम्हाला काहीच सापडत नव्हतं. सगळं रक्त तुझ्या पोटात सापडलं. तोंडात आलेलं तू गिळतेस. थुंकत का नाहीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे का पाहते आहे ते मला त्या घटकेला कळलं, आणि मला माझ्याच उजव्या हाताची भीती वाटली.

ते का, हे सांगण्यासाठीच मी हे लिहिते आहे. ज्यांचं मूल पांढरंफटक पडत चाललंय, खोकतंय, धापा टाकतंय आणि ज्यांना कोणी धड काही सांगत नाही, त्यांनी हे वाचावं. मी डॉक्टर नाही. माझ्याकडून काय चुकलं तेवढंच मी सांगू शकते.

आमचा पानमळा आहे. आमचा विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षीची, सत्तावन्न सालची ही गोष्ट. शिरपूर तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. पानमळ्याचे नियम कडक. चप्पल घालून आत जायचं नाही, आंघोळीवाचून जायचं नाही, बायांनी अडचणीच्या दिवसांत त्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही. पानं खुडून आणली की ओसरीवर बसून सगळ्यांनी ती निवडायची. चांगली पानं टोपल्यांत रचून, ओल्या पोत्याने झाकून बाजाराला जात. फाटकी, डागाळलेली घरात राहत. ती खायची कोणी? आम्हीच. सासरे खात, हे खात, मी खाई, आणि सासूबाई तर झोपेतून उठल्या की आधी पानाच्या डब्याला हात घालत. आमच्या ओसरीच्या कडेला, मोरीत, अंगणातल्या दगडावर लाल पिंका पडलेल्या असत. कोणाचं त्याकडे लक्षही जात नसे.

फक्त लेकरांना पान खायची बंदी होती. जीभ जाड होते आणि पाठांतर होत नाही, असं सासरे म्हणत.

म्हणून यमुनाच्या गोधडीच्या कोपऱ्यावर मला पहिल्यांदा लाल डाग दिसला तेव्हा मी काय समजायचं ते समजले. त्या दिवशी सोडून दिलं. चार दिवसांनी परकराच्या घेरावर दिसला.

"काहून वो यमे, पान खाल्लं न? तोंड उघड!"

"म्या नाई खाल्लं माय. देवाची आन."

"वरून खोटं बोलून राह्यली?"

तिच्या ओठांच्या कडेला लाल होतं. डोळ्यांनी दिसत असताना ती नाही म्हणते याचाच मला जास्त संताप आला. मी तिच्या थोबाडीत मारली. एकदा नाही, त्या महिन्यात तीनदा मारली. तिसऱ्यांदा ती रडलीसुद्धा नाही.

त्यानंतर डाग दिसायचे बंद झाले. पोरगी वळणावर आली असं मी जावेला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

पण ती सुकत चालली. शाळेतून येताना मारुतीच्या पारावर दोनदा बसे. नखं पांढरी झाली. चुलीजवळची माती खरवडून खाताना मी तिला धरलं आणि जंताचं औषध दिलं. तिला काळी शौच होई, तेही मी जंतांवरच ढकललं. सगळं माझ्या डोळ्यांपुढे चाललं होतं, आणि प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं.

उन्हाळा लागला तेव्हाची गोष्ट. आम्ही वेली बांधत होतो आणि यमुना पाटाच्या कडेला बसून पाण्यात पाय हलवत होती. एकाएकी खोकला आला आणि थांबेचना. ती पुढे वाकली आणि पाटाचं पाणी लाल झालं. फेसाळ, लालभडक. मी तिकडूनच ओरडले, "पुन्हा पान खाल्लं काय वो?"

सासूबाई तिच्याजवळ होत्या. त्यांनी पोरीच्या हनुवटीवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. जन्मभर पान खाल्लेली बाई ती. तिथल्या तिथे खाली बसली.

"सुभद्रे, हे पान नोय वो. रगत हाय हे."

एवढं सोपं होतं ते. पानाला वास असतो, काताचा, लवंगेचा. रक्ताला वेगळा असतो, गंजलेल्या खिळ्यासारखा. मी तीनदा तिचं तोंड उघडून पाहिलं होतं, पण वास घ्यायचं मला सुचलं नाही. मला पाहायचं होतं ते मी आधीच ठरवून टाकलं होतं.

वाशिमच्या डॉक्टरांनी तिच्या पापण्या उलट्या करून पाहिल्या आणि अकोल्याला न्यायला सांगितलं. अकोल्याला एक्स-रे काढला. फुप्फुसांवर ढगांसारखे डाग होते. खोकला, रक्त, डाग, बारीक झालेलं शरीर. टी.बी., डॉक्टर म्हणाले. त्या काळात दुसरं कोणी काय म्हणालं असतं? मी त्यांना दोष देत नाही. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं सुरू झाली.

यमुनाची ताटली वेगळी, पेला वेगळा, अंथरूण मागच्या खोलीत. तिच्याबरोबर खेळणाऱ्या पोरी यायच्या बंद झाल्या. पानमळ्यात तर तिला पाऊल टाकायची सोय राहिली नाही. आजारी माणसाची सावली पडली तर वेल जळते, असं आमच्याकडे मानत. हे स्वतः तिला उचलून बांधापर्यंत नेत आणि बाहेरच्या निंबाखाली बसवत. ती तिथून आम्हाला हाका मारी. हे कामात असले की ऐकू न आल्यासारखं करत, आणि मग पाठमोरे होऊन डोळे पुसत.

महिन्याभरात तिला उतार पडला. गालांवर थोडा रंग आला. आम्ही इंजेक्शनांना श्रेय दिलं, मी नवसही बोलले. आणि मग पुन्हा एका दिवसात पोरगी मेणासारखी झाली, छाती भात्यासारखी हलू लागली. असं तीनदा झालं. प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा खाली जाई आणि वर येताना आधीपेक्षा कमी येई. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. ती बरी दिसे तेव्हाच मला जास्त भीती वाटे.

अकोल्याचे डॉक्टर प्रामाणिक होते. एकदा त्यांनी दोन एक्स-रे खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरले. "हे डाग पंधरा दिवसांत पुसले गेलेत. टी.बी.चे डाग असे जात नाहीत. आणि हिच्या थुंकीत एकदाही जंतू सापडला नाही. माझं चुकत असावं. तुम्ही नागपूरला जा," ते म्हणाले. डॉक्टरच्या तोंडून 'माझं चुकत असावं' हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. एवढा मोठा माणूस हात टेकतो म्हणजे आता पुढे कोण, असं वाटलं.

आम्ही दोघं तिला घेऊन निघालो. शेजारच्या मालेगावहून अकोल्याची मोटार आणि अकोल्याहून रेल्वे. यमुनाला रेल्वेचं फार कौतुक होतं. खिडकीशी बसून ती मोजके दोन शब्द बोले, मग दम घेई, मग दोन शब्द.

नागपूरला लहान मुलांच्या वॉर्डात तेरा दिवस नुसत्या तपासण्या झाल्या. बोटातून रक्त घेतलं, दंडातून घेतलं. ज्या मुलीच्या अंगात रक्त नाही तिचंच रोज काय घेता, म्हणून मी नर्सशी भांडले. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, लहान मुलं थुंकत नाहीत, गिळतात, तर पोटातलं पाणी काढून पाहू. सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालायची. यमुनाने माझा हात असा धरला की नखांचे वळ दोन दिवस राहिले. मी बाहेर व्हरांड्यात बसले की समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राही आणि कोणी दार उघडलं की दचके.

नळी घालायला लागल्यापासून चौथ्या दिवशी बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. तिथे लाल काहीच नव्हतं. लोह दिसावं म्हणून ते एक औषध घालतात, त्याने ते निळं होतं. काचेवर निळे ठिपके भरले होते, एकेका पेशीच्या पोटात निळं. "हे तुमच्या मुलीचं फुप्फुसात पाझरलेलं रक्त," बाई म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी ते नाव घेतलं आणि मग यमुनाला तो प्रश्न विचारला.

बाई दुसऱ्या खाटेकडे गेल्यावर यमुना हळूच म्हणाली, "लाल दिसलं का तू मारे न माय. मंग मी गिळूनच टाको."

मी तिथे काय केलं ते मला आठवत नाही. हे सांगतात की मी भिंतीला डोकं टेकून उभी होते आणि नर्सने मला स्टूलवर बसवलं. एवढं आठवतं की नंतर मी तिच्यापुढे खाली बसले आणि म्हटलं, "आता कधी नाई मारत वो माय माही. थुंक तू. जेवढं लाल हाय तेवढं थुंक, मले दाखोव." तिने मान हलवली. तिला ते खरं वाटलं की नाही, कोण जाणे.

उपचार दोन होते. एक रक्त देणं. नातेवाइकांत कुजबुज झाली की रक्त दिलेलं माणूस कामातून जातं. यांचं रक्त जुळलं नाही, माझं जुळलं. मी आपणहून उजवा हात पुढे केला. रक्त घेणारे डॉक्टर म्हणाले डावाही चालेल. मी म्हटलं, नाही, हाच घ्या.

दुसरा उपचार म्हणजे कॉर्टिझोन नावाचं नवं औषध. बाईंनी मला समजावलं की काही डॉक्टरांना असं वाटतं, या मुलांचं शरीर स्वतःच्याच फुप्फुसाला परकं समजून त्याच्याशी लढतं. आता त्याला ऑटोइम्यून म्हणतात म्हणे. मला ते पटलं. राखणदाराने पाखरं सोडून आपल्याच मळ्यावर गोफण चालवावी, तसं ते. कॉर्टिझोन त्या राखणदाराचा हात धरतं. "पण सगळ्यांना लागू पडत नाही," बाई म्हणाल्या. "मी असे दोनच रोगी पाहिलेत." त्या दोघांचं काय झालं ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

औषध सुरू होऊन पाचवा दिवस. दुपारची वेळ होती, जेवणाच्या गाड्या येऊन गेल्या होत्या. यमुनाला उचकीसारखं झालं आणि मग रक्त. ओंजळभर, पुन्हा ओंजळभर. ओठ निळे पडले. ऑक्सिजनचं नळकांडं आलं, मला बाजूला केलं. बाई धावत आल्या. अर्ध्या तासाने त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "आज काही सांगता येत नाही. तुम्ही तिच्याजवळ बसा."

मी बसले. पोरीच्या हातात दवाखान्यातला पांढरा फडका होता आणि तो पूर्ण लाल होता. तिने तो मला दाखवण्यासाठी उचलायचा प्रयत्न केला. "पाह्य माय, थुंकलं म्या," एवढंच ती म्हणाली. मी सांगितलेलं ऐकत होती ती. मी तिला शाबास म्हटलं. देवाजवळ काय मागावं ते मला सुचेना, कारण रक्त येऊ नये म्हणून मागावं तर ती पुन्हा गिळते की काय, याचंही भय.

त्या दिवसानंतर रक्त थांबलं. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मी मोजत नव्हते असं म्हणत असे, पण मोजत होते. तिचं तोंड औषधाने गोल गरगरीत झालं, भूक अशी लागली की वॉर्डातल्या दुसऱ्या मुलांच्या भाकरीकडेही ती पाहत राही. बाईंनी बजावलं की बरं वाटलं म्हणून हे औषध आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही, जिवावर बेतेल; हळूहळूच उतरवायचं. हे मी जाड अक्षरात लिहून घेतलं होतं, तुम्हीही लिहून घ्या.

अडीच महिन्यांनी आम्ही घरी आलो. ओसरीवर पानं निवडायला बसले होते सगळे. सासूबाई उठल्या, नातीच्या गोल तोंडावरून हात फिरवला, आणि आत जाऊन आपला पितळी पानडबा घेऊन आल्या. त्यातला कात, चुना, सुपारी त्यांनी उकिरड्यावर नेऊन ओतली. मला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं.

"आजपासून या घरात कोनी पान खाणार नाई," त्या म्हणाल्या. "लाल दिसलं का समजाचं, पोरीचं हाय."

सासऱ्यांनी कुरकुर केली. चार दिवस ते शेजारी जाऊन खाऊन येत, मग तेही सुटलं. गावात आमची थट्टा झाली. पाहुण्यांना आम्ही नुसती सुपारी पुढे करायचो. पानमळेवाले म्हणे एवढे चिक्कू झाले. सासूबाईंना पहिले पंधरा दिवस फार जड गेले. पान नाही म्हणून तोंडात बोट घालून बसत. पण आमची ओसरी, मोरी, अंगणातला दगड सगळं स्वच्छ झालं. लाल काही उरलं नाही.

रोज सकाळी मी यमुनाला धुतलेला पांढरा फडका देई. ती त्यावर खोकून, थुंकून मला दाखवी. मी पाही, मग वास घेई. बरीच वर्षं हे चाललं. दोनदा फडक्यावर लाल आलं, दोनदा आम्ही नागपूर गाठलं, दोनदा ती उठून उभी राहिली. दर वेळी मला तीच दुपार आठवे. ही भीती जात नाही. तिच्यासकट स्वयंपाक करायला शिकावं लागतं.

यांनी पहिल्या वर्षीच एक केलं. एका सकाळी आंघोळ घालून तिला खांद्यावर बसवलं आणि सरळ पानमळ्यात नेलं. वेली जळायच्या असतील तर जळू दे म्हणाले. त्या वर्षी पान नेहमीसारखंच आलं.

माझ्यासारख्या आयांना मी एवढंच सांगेन. मूल पांढरं पडत असेल, माती खात असेल, चालताना बसत असेल, तर त्याच्या डोळ्यांच्या पापण्या उलटून आत लाली आहे का ते पाहा. आणि ते 'मी नाही केलं' म्हणत असेल तर हात उगारण्याआधी एकदा ते खरं असेल असं धरून चाला. आम्हाला रक्त मिळालं, औषध मिळालं, चूक कबूल करणारे डॉक्टर मिळाले. सगळ्यांना मिळत नाहीत. त्या डॉक्टरबाईंची मला आजही रोज आठवण येते.

यमुनाचं लग्न शेलूबाजारकडच्या घरात झालं. आजाराचं आम्ही काही लपवलं नाही. मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि पांढरा फडका कुठे ठेवायचा एवढंच विचारलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी विडा तोडायचा कार्यक्रम झाला. नवरीने दातांत विडा धरायचा, नवऱ्याने दातांनी अर्धा तोडायचा. आमच्याच मळ्याची पानं होती. बाया हसत होत्या, चिडवत होत्या, दोघांना चावायला लावत होत्या. मी दाराशी उभी होते, आणि माझ्या लेकीच्या ओठांच्या कडेला लाल उतरलं.

ती सोळा वर्षं मागे गेल्यासारखी दिसली मला.

तिने माझ्याकडे पाहिलं. पदरात खोचलेला पांढरा रुमाल काढला, सगळ्यांदेखत ओठ पुसले, उठून माझ्यापाशी आली आणि रुमाल माझ्या हातात दिला.

"पान हाय माय," ती म्हणाली.

मी तो नाकाशी नेला नाही. घडी करून कमरेला खोचला आणि म्हटलं, "हाव, पानच हाय."

वऱ्हाडाची बैलगाडी वळणाआड गेल्यावर मात्र मी तो काढला. लवंगेचा वास येत होता.